पक्ष्याला मोजता येत नाही

२ मार्च
टेकडीवरून

अगं,

पक्ष्यांच्या फोटोसाठी दडून बसायचं लपण मी माझ्या हातांनी केलं. चार फूट बाय चार फूट, उंची साडेचार. चौकटीत खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या, कारण खिळा उन्हात तापला की टक्‌ असा आवाज करतो आणि तो आवाज पक्षी लक्षात ठेवतो. वरचं कापड ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचं, चहाच्या चोथ्यात दोनदा उकळून रंग उडवलेलं. भिंगाचं भोक जमिनीपासून एकतीस इंचांवर, बसायची तिपाई चौदा इंची. कॅमेऱ्याची पेटी आतून उशीच्या कापसाने मढवलेली, शटरचा आवाज चार फुटांपलीकडे जात नाही. लांबून बटण दाबायची तार सायकलच्या ब्रेकची. स्टँडचं डोकं सायकलच्या हबचं. चारशे मिलिमीटरची नळी भंगारातल्या मोजणीच्या दुर्बिणीपासून काढली. तिची कडी कॅमेऱ्याला बसावी म्हणून कानशीने घासत बसलो, अकरा दिवस. फोटो मोठे करायचं यंत्र पत्र्याच्या डब्याचं. झऱ्यापासून मोरीपर्यंतची पाण्याची नळी, तीही मीच टाकली, तीनशे दहा फूट.

हे सगळं लिहायचं कारण तुझा दादा. तुझ्या मागच्या पत्राखाली त्याने दोन ओळी घुसडल्या होत्या: 'भावोजी, सध्या काय चालू आहे? काही काम वगैरे?' हे 'वगैरे' मला कळलं. तर वरचा सगळा मजकूर त्याला वाचून दाखव, सावकाश, आकड्यांसकट. आणि हेही सांग की आठवी नापास माणसाचे फोटो शाळांच्या तक्त्यांवर छापले जातात. दादाने शिवलेले गणवेश घालून मुलं त्या तक्त्यांसमोर बसतात.

आता खरी बातमी. ओढ्याच्या वळणावर, लपणापासून सव्वीस फुटांवर जो कुजका बुंधा आहे, त्यात कर्णा पक्ष्याची जोडी घर कोरते आहे. तीन वर्षांनी. नराचं पोट नुकत्याच मारलेल्या लाल ऑइलपेंटसारखं आहे, गळ्यात पांढरी कड. पण तुला ठाऊक आहे हा कसा. माणूस दिसला की पाठ करून बसतो. मागून बघितलं तर वाळकं पान. तासभर तसाच बसेल. त्याचं पोट बघायचं तर माणूस नाहीच अशी त्याची खात्री पटायला हवी.

आणि ती खात्री पटवायला तू लागतेस. दादाला समजावं म्हणून लिहितो: लपणात एकटा माणूस शिरला तर पक्षी ते बघतो आणि दिवसभर जवळ येत नाही. दोघं गेली, एक आत बसला आणि एक परत गेला, तर पक्षी समजतो की आलेला गेला. पक्ष्याला मोजता येत नाही. संध्याकाळी पुन्हा तसंच, न्यायला कोणीतरी यावं लागतं. मी एकटा बाहेर पडलो तर रिकाम्या झुडपातून माणूस निघतो हे त्याला दिसेल आणि घरटं सोडेल. अकरा वर्षं तू मला सकाळी आठला सोडतेस आणि पाचला न्यायला येतेस. पाऊस असो नाहीतर ताप.

वहिनीच्या पायाचं प्लॅस्टर तेवीस तारखेला निघायचं होतं, निघालं असणार. तू आठ दिवसांसाठी गेलीस, आज एकविसावा. शुक्रवारची गाडी धर. थांब्यावर येतो.

इकडून,
मी


९ मार्च
दुकानावरच्या खोलीतून

अहो,

पत्र मिळालं. दादाला वाचून दाखवलं, आकड्यांसकट. तो म्हणाला, "एवढं सगळं केलंय, तर पाहुण्याला बसायला एखादी खुर्ची पण करा म्हणावं." रागावू नका. वहिनीनं त्याला तिथंच गप्प केलं. पण तक्त्यांचं ऐकून त्यानं 'कुठल्या शाळेत?' असं विचारलं हेही खरं.

वहिनीचं प्लॅस्टर निघालं. चालते, थोडी लंगडते, आणि जिना उतरताना आम्हा सगळ्यांचा उद्धार करते.

मी राहिले आहे. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचे असतात आणि दादाचा काजं करणारा माणूस सोडून गेला. आता काजं-बटणं मी बघते. दिवसाला चाळीस शर्ट. पहिल्या दिवशी दादानं माझी आठ काजं उसवली, आता बघतही नाही. खोली दुकानावर आहे, खिडकी एकच, समोरची भिंत हाताच्या अंतरावर, त्या भिंतीवर एक पाईप. दुसरं काही दिसत नाही. तुम्ही इथं दोन दिवसांत आजारी पडाल. मला बरं वाटतं.

का ते लिहिते. परवा दुपारी मान दुखायला लागली म्हणून खाली उतरले. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. तिथून पुढे गेले. एका दुकानात बादल्या बघितल्या, घ्यायच्या नव्हत्या, तरी दुकानदारानं सगळ्या दाखवल्या. परत किती वाजता यायचं ते ठरवलंच नव्हतं. आले तेव्हा सहा वाजून गेले होते. कोणी काही विचारलं नाही.

शुक्रवारच्या गाडीनं जमणार नाही. पोस्टमनला सांगून बघा, सकाळी तो वर येतोच. त्याला एवढं सांगा: लपणापासून निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. तिसऱ्या दगडापाशी पाय सरकतो. आणि जाताना वाटेत थोडा आवाज करायचा. मी नेहमी एखादी सुकी काटकी मोडायचे, बांबूपाशी एक आणि उतरणीवर एक, म्हणजे माणूस लांब गेला हे त्यांना पक्कं कळतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही 'आवाज नको' म्हणाला असतात.

थंडी गेली असेल. रजई उन्हात घालून ठेवा.

तुमची


१६ मार्च
टेकडीवरून

अगं,

अकरा वर्षं तू काटक्या मोडत होतीस आणि मला ठाऊक नाही. मी आत बसून वहीत लिहीत होतो, '८.०४, बांबूत काहीतरी, बहुधा माकड.' वही दोन ते वही नऊ, जिथे जिथे ते माकड आहे, तिथे आता काय लिहू?

पण ते राहू दे. गेल्या आठवड्याचा अहवाल देतो.

आधी मी तुझ्याशिवाय चालवायचा प्रयत्न केला. काठीला तुझी जुनी हिरवी शाल गुंडाळली, वर मडकं, आणि ते बाहुलं तारेवर अडकवलं. लपणातून दोरी ओढली की ते उतरणीवरून आपोआप खाली जाईल, म्हणजे 'एक परत गेला'. चाचणीला उत्तम चाललं. प्रत्यक्षात अर्ध्या वाटेत अडकलं आणि स्वतःभोवती फिरायला लागलं. मडकं फुटलं. जोडी दीड दिवस बुंध्याकडे फिरकली नाही. शाल धुवून ठेवली आहे, एका ठिकाणी उसवली आहे, तुला सांगितलेलं बरं.

मग पोस्टमन. त्याला म्हटलं, माझ्याबरोबर लपणापर्यंत चल आणि परत जा. तो म्हणाला, "मी सरकारी माणूस. पक्ष्यांना फसवायचा मला पगार नाही." म्हटलं, फसवायचं काही नाही, तू नेहमीसारखा जा. "मग तुम्ही माझ्या पिशवीत बसणार का?" असं बोलत बोलत आला. दोनदा मागे वळून बघितलं. तिसऱ्या दगडावर घसरला आणि जे बोलला ते लिहीत नाही. पण गंमत बघ, इतक्या आवाजाने कर्णी बिनधास्त झाली. बारा मिनिटांत बुंध्यावर. तुझ्या काटक्यांचं मान्य करतो.

संध्याकाळी मात्र तो पाचच्या ऐवजी सव्वासहाला आला. मी आत सव्वादहा तास. डाव्या पायाला मुंग्या, मग मुंग्यांनाही मुंग्या. तुझं कधी पाच मिनिटं पुढेमागे झालं नाही, हे मी त्याला ऐकवलं.

अंडी दोन असावीत. दिवसा नर बसतो, रात्री मादी. अदलाबदल सकाळी साडेनऊच्या सुमारास.

आता चांगली बातमी, आणि ही दादालाही सांग. ओढ्यापलीकडे ती नवी लाकडी घरं झाली आहेत ना, पाहुण्यांच्या मुक्कामाची, तिथला मॅनेजर आला होता. बूट चिखलात रुतले तरी हसत होता. त्यांच्याकडे बाहेरून लोक येतात, हा एवढा कॅमेरा घेऊन, आणि पक्ष्याची पाठ काढून परत जातात. त्यांना माझं लपण हवं, मी हवा, आणि त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मॅडम कुठे आहेत?" गेल्या हंगामात तो पलीकडून दुर्बिणीने बघत होता. म्हणाला, "तुम्ही पाहुण्यांना कॅमेरा शिकवाल. पण आत सोडायला आणि बाहेर काढायला मॅडमच पाहिजेत. पक्षी त्यांना ओळखतात." म्हणजे तुझी वेगळी जागा, तुझ्या नावाने, मदतनीस म्हणून. तुझा वेगळा पगार. किती ते ठरायचं आहे. कागद दहा एप्रिलला सह्यांना तयार होतील.

तू मागे एकदा म्हणाली होतीस की तुझं काम कशातच धरत नाहीत. आता कागदावर येईल. इथे परत यायला आणखी काय हवं?

मी


२५ मार्च
दुकानावरच्या खोलीतून

अहो,

तुमचं पत्र चार दिवस जवळ ठेवलं. दादाला दाखवलं नाही.

बाहुल्याचं वाचून मी आणि वहिनी इतक्या हसलो की खालून दादानं काठीनं छत ठोकलं. त्यामुळे पुढचं लिहायला आणखी जड जातं आहे. पण लिहिते.

मला पगार नको आहे. पगार नव्हता म्हणून मी इथे थांबलेली नाही.

तुम्हाला आठवतं का, पाचव्या की सहाव्या वर्षी मी एकदा तीनला आले होते. तक्तेवाल्या छापखान्याचा माणूस घरी येऊन बसला होता आणि त्याला चारच्या गाडीनं जायचं होतं. मला वाटलं तुम्हाला भेटायचं असेल. दुसऱ्या दिवशी पक्ष्यानं घरटं सोडलं. तुम्ही नऊ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चहा घेतलात, कप धुवून ठेवलात आणि गप्प राहिलात. तेव्हापासून पाच म्हणजे पाच.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगते. हे कोणालाच सांगितलेलं नाही. आई गेली तेव्हाची तार मी तुम्हाला संध्याकाळी चहानंतर दाखवली, तुम्ही लगेच म्हणालात, 'सकाळची पहिली गाडी धर.' पैसे दिलेत, थांब्यापर्यंत आलात. सगळं नीट केलंत. मी पोचले तेव्हा दहा वाजले होते. आई आठला गेली होती.

ती तार संध्याकाळी आलेली नव्हती. दुपारी आली होती, बारा वाजून वीस मिनिटांनी. 'आई गंभीर, लगेच निघ.' दीडला गाडी होती. ती धरली असती तर सहाला आईजवळ असते. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, दर थोड्या वेळानं विचारत होती की गाडी आली का, असं वहिनी म्हणते.

मी चपला घातल्या होत्या. बांबूपर्यंत आले होते. तिथून लपण दिसतं. तुम्ही आत आहात हे फक्त मला ठाऊक. तुम्हाला तसंच सोडून गेले तर तुम्ही बाहेर कसे येणार, आणि बोलावलं तर घरटं जाणार. मी तिथं उभी राहिले. मग परत घरी गेले, भांडी घासली, कपडे वाळत घातले, आणि पाच वाजता तुम्हाला न्यायला आले. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, 'आजचा दिवस वर्षातला उत्तम.' त्या तोंडासमोर मला तार काढता येईना. म्हणून चहा झाल्यावर काढली.

तुम्ही मला अडवलं नव्हतं. तुम्हाला माहीतच नव्हतं. मला तीन वर्षं राग कोणावर धरायचा तेच कळत नाही. पण तो कागद, ज्यावर आठ आणि पाच असं लिहिलेलं असेल आणि खाली माझी सही, तो मला नको.

इथं काजं उद्याही करता येतात.

तुमची


६ एप्रिल
दुकानावरच्या खोलीतून

अहो,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. तुम्ही उत्तराला इतका वेळ लावत नाही. बरे आहात ना? पोस्टमनजवळ दोन ओळी तरी द्या. तो रोज लपणावर येतो की नाही, ते लिहा. मला इथं बसून भीती वाटते की तुम्ही आत आहात आणि कोणी न्यायला आलेलं नाही.

एक सांगते, हसू नका. इथं मला वेळेचं बंधन नाही अशा अर्थाचं मी लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नाही. पावणेपाच झाले की माझे पाय उठतात. सुई हातात असते, शर्ट मांडीवर असतो, आणि मी उभी असते. पहिल्या आठवड्यात वाटलं, सवय आहे, जाईल. गेली नाही. मग मी जिना उतरते, रस्त्याच्या टोकाला जो नळ आहे तिथं जाऊन उभी राहते आणि पाच वाजून गेले की परत येते. वहिनी विचारते, "वन्सं, कोणाला आणायला जाता हो?" परवा नळावरच्या बायकांनी मला नंबर दिला, पाण्याचा. त्यांना वाटलं माझा हंडा घरी राहिला.

आता विचारायचं ते विचारते. दहा तारीख जवळ आली. तुम्ही माझ्या नावानं हो म्हणून बसला असाल तर मी परत येणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. हो म्हटलं नसेल तर लगेच येईन, असंही नाही. पण निदान मला माझं काय ते ठरवता येईल.

उत्तर द्या.

तुमची


११ एप्रिल
टेकडीवरून

अगं,

बरा आहे. जेवतो. पोस्टमन सकाळी येतो, संध्याकाळी कधी येतो कधी विसरतो. विसरला तर अंधार पडून पक्षी गप्प होईतो थांबतो आणि मग निघतो. भिऊ नकोस.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र एकोणतीसला मिळालं. ते मी लपणात वाचलं, कारण पोस्टमनने ते मला सोडताना हातात दिलं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वाचून झालं. त्यानंतर पाचपर्यंत मला तिथून उठता येत नव्हतं. म्हणजे उठता येत होतं, पण उठलो नाही. त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. भोकातून बांबू दिसतो, तू जिथे उभी राहिलीस तो. मी तिथून कधी तिकडे बघितलंच नव्हतं, कारण भिंग बुंध्याकडे असतं.

संध्याकाळी पोस्टमनला विचारलं, त्या दिवशीची तार किती वाजता दिलीस. तो म्हणाला, "बारा वीस. बाईंनी मला वेळ विचारली, मग गाडी विचारली. मी म्हटलं दीडची. साहेबांना हाक मारून आणू का म्हटलं, तर म्हणाल्या, नको, पिल्लं नऊ दिवसांची आहेत." मी म्हटलं, हे तू मला तीन वर्षांत का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, "तुम्ही मला पत्र आहे का एवढंच विचारता."

मग घरी येऊन वही सात काढली. त्या दिवसाचं पान असं आहे: 'नर, चोचीत नाकतोडा, पोट पूर्ण समोर, उजेड उत्तम. एकूण बावीस. वर्षातला उत्तम दिवस. ५.०५ बाहेर.' पिल्लं नऊ दिवसांची, हेही लिहिलेलं आहे.

वही चारही काढली, तू तीनला आलीस त्या वर्षाची. तिथे माझ्या अक्षरात आहे, 'ही लवकर आली म्हणून घरटं सोडलं.' आणि त्याच्याच वर दोन ओळी, त्याही माझ्याच: 'पहाटे वादळ. घरट्याची फांदी चिरली.' म्हणजे मला दिसलं होतं, मी लिहिलं होतं, आणि तरी दोष तुझ्या नावावर टाकला. नऊ दिवस. खालची ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे आजची तारीख घालून 'चूक, माझी' असं लिहिलं. वहीत खोडायचं नाही हा माझाच नियम आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण मला एक गोष्ट नक्की करून घ्यायची होती आणि तिला दिवस मोजावे लागणार होते. या वर्षीची अंडी तीस मार्चला फुटली. दोन पिल्लं. आठ एप्रिलला ती नऊ दिवसांची झाली. त्या दिवशी पोस्टमनने मला सोडलं, नेहमीसारखा आवाज करत गेला. नर खाऊ घालायला येत-जात होता. बारा वाजून वीस मिनिटांनी, नर बुंध्याच्या तोंडाशी असताना, मी लपणाचं कापड वर केलं आणि बाहेर आलो. एकटा. उघड. हात हलवत.

नर उडाला. समोरच्या फांदीवर जाऊन पाठ करून बसला. मी सरळ चालत बांबूपर्यंत गेलो आणि तू उभी होतीस तिथे उभा राहिलो. घड्याळ हातात. मला मनातून काय हवं होतं तेही लिहितो, कारण अर्धवट लिहायची मला सवय नाही. मला तो परत यायला नको होता. तो आला नसता तर आपली अकरा वर्षं खरी ठरली असती.

तो एक वाजून एक मिनिटाने परत आला. चोचीत अळी. बुंध्याच्या तोंडाशी बसला, पोट माझ्याकडे करून, मी समोर उभा असताना. एकेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बघितलं, पिल्लं ठणठणीत, दोन्ही तोंड वासून.

थांबा आपल्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. गाडी दीडची होती. तू बारा वीसला मला हाक मारली असतीस तर आपण दोघंही गेलो असतो आणि घरटंही राहिलं असतं. आता तू म्हणशील की तेव्हा कोणाला माहीत होतं. कोणालाच नव्हतं. पण माहीत करून घेणं माझं काम होतं. खिळा तापला की वाजतो हे मी तपासलं, शटरचा आवाज किती फूट जातो ते फीत धरून तपासलं. मधल्या वेळी बाहेर पडलं तर काय होतं, हे अकरा वर्षांत एकदाही तपासलं नाही. तू येत होतीस, म्हणून गरज पडली नाही.

बाहेर तर पडलो, पण पुढे काय ते कळेना. घरी जाऊन काय करायचं? दुपारी एक वाजता मी घर कधी बघितलेलं नाही. कपडे कुठे वाळत घालतेस तेही माहीत नाही. म्हणून तिथेच, बांबूपाशी, पाचपर्यंत उभा राहिलो. पोस्टमन आला आणि मला बाहेर बघून म्हणाला, "आज कोणाला न्यायचंय?" मी म्हटलं, मला. तो पुढे, मी मागे, असे घरी आलो.

तुझं सहा तारखेचं पत्र काल सकाळी मिळालं. नळापाशी उभी राहू नकोस असं म्हणणार होतो. मी कोण म्हणणार? उभं राहावंसं वाटलं तर राहा, हंडा तेवढा घेऊन जा, म्हणजे नंबर फुकट जाणार नाही. दादाला सांग की त्याने उसवलेली आठ काजं मला बघायची आहेत. माझी खात्री आहे की त्यातली पाच तरी बरोबर होती.

ये, असं मी लिहीत नाही. शुक्रवारची गाडी आहे, तशी ती इकडून तिकडेही जाते. पिल्लं साधारण पंधरा तारखेला उडतील. त्यानंतर काय, ते तू ठरवलंस की कळव, तोवर मी विचारणार नाही.

काल दुपारी मॅनेजर कागद घेऊन आला. टंकलेले, दोन प्रती, तुझ्या नावापुढे पेन्सिलीने फुली, सही इथे करायची म्हणून. मी पूर्ण वाचले, उभ्याने. कलमं चौदा. तुझं नववं: रोज सकाळी आठला पाहुण्यांना आत सोडणे, संध्याकाळी पाचला बाहेर काढणे, हंगामात वर्षाला चार सुट्ट्या, मधल्या वेळात जागा सोडता येणार नाही. मी त्याला विचारलं, मधल्या वेळी घरून बोलावणं आलं तर? तो म्हणाला, "तेवढं बघून घेऊ हो, कागदावर सगळंच कसं येणार." मग म्हणाला, "मॅडमच्या आकड्यात थोडं वाढवतो." पेन काढून वाढवलंही. मी कागद त्याच्या हातात परत दिले आणि नको म्हटलं, दोघांच्याही वतीने. माझ्या वतीने म्हणायचा मला हक्क होता, तुझ्या वतीने नव्हता, पण तुला लिहून विचारायला तो थांबणारा नव्हता. दोघांचे मिळून, वाढीसकट, महिना सत्तावीसशे होते, लपणाचे एकरकमी आठ हजार वेगळे, आणि त्या सत्तावीसशेत तुझ्या दोन खेपांचे आधी नऊशे होते, पेन काढल्यावर अकराशे.